मारुतीचा हुंकार आणि जिनिंगचं हिरवं बटण

शनिवारी चार वाजले की कवठधरीच्या मारुतीपुढे पाय ठेवायला जागा नसे. गुडीहत्नूरकडून शेअर ऑटो भरभरून येत. चपलांचा असा ढीग पडे की दर्शन घेऊन बाहेर आल्यावर आपली जोडी सापडली, तर तोच पहिला चमत्कार समजावा. दुसरा चमत्कार आत होता. तिथला दगडी मारुती बोलत असे.

बोलत असे म्हणजे वाक्यं नाही बोलायचा. भक्ताने प्रश्न विचारला आणि उत्तर होकाराचं असलं, की गाभाऱ्यातून ‘हूंऽऽऽ’ असा हुंकार निघे. मूर्तीमागची पितळी प्रभावळ थरथरे, तिच्यावरची घुंगरं किणकिणत आणि मंडपातली दोनशे माणसं एकदम हात जोडत. उत्तर नकाराचं असलं, की देव गप्प.

गावाला कौल नवा नव्हता. पूर्वी मारुतीच्या शेंदरावर कापसाचं बोंड चिकटवत. उजवीकडे पडलं तर हो, डावीकडे पडलं तर नाही. बोंड पडायला कधी अर्धा दिवस लागे. हुंकारबाबा आल्यापासून कौल झटपट झाला होता. बाबा नवरात्रात आले, गाभाऱ्यालगतच्या खोलीत राहिले, आणि ‘देवाला उकडतं’ म्हणून मूर्तीजवळ पंखा बसवला. इकडच्या व्होल्टेजचा भरवसा नाही, म्हणून पंख्याला स्टॅबिलायझर लावला. तो लोखंडी डबा प्रभावळीच्या मागे राजरोस दिसत होता. दसऱ्याला गावाने नांगर, ट्रॅक्टर आणि वजनकाट्यांबरोबर त्यालाही हळदीकुंकू वाहिलं. हळदीकुंकू वाहिलेल्या वस्तूवर मग कोण संशय घेणार?

“बच्चा, सारं विश्व व्हायब्रेशन आहे!” बाबा माइकवरून सांगत. “ओंकारातून हुंकार, हुंकारातून साक्षात्कार! अमेरिकेतले सायंटिस्टही हेच म्हणतात. पण ते उपाशीपोटी म्हणत नाहीत, म्हणून त्यांना मारुती दिसत नाही.” स्वतः बाबाही उपाशीपोटी काही म्हणत नसत, हे त्यांच्या पोटाकडे पाहून कळे.

देवळाच्या दारात भाजी घेऊन बसणाऱ्या बयनाबाईंना हे सगळं रोज ऐकावं लागे. वांगी, टमाटे आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या मांडून त्या बसत. दोन एकर भाजीचा मळा, नवरा उद्धवराव आणि एकुलती एक लेक अश्विनी, एवढा त्यांचा संसार. देवावर त्यांचा राग नव्हता. सकाळी पहिलं वांगं त्या मारुतीलाच ठेवत. पण मागच्या शनिवारपासून बाबांचं नाव निघालं की त्यांच्या हातातली जुडी जरा जास्तच जोरात आपटली जाई.

कारण असं झालं होतं. अश्विनीने इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला होता. लाइनमनच्या जागा निघाल्या, तिने परीक्षा दिली आणि खांबावर चढायच्या चाचणीत ती अशी सरसर चढली की खाली उभे असलेले साहेब “चालु अम्मा, चालु! दिगु!” म्हणजे तेलुगूत ‘पुरे बाई, उतर’ असं ओरडत राहिले. नेमणुकीचं पत्र आलं. येत्या सोमवारी आदिलाबादला हजर व्हायचं होतं. उद्धवरावांनी ते पत्र गावभर दाखवलं, आणि गावभर दाखवता दाखवता कुणीतरी म्हणालं, “पोरगी जात, अन् खांबावर? देवाले तं विचारा.” झालं. उद्धवराव कौल लावायला गेले. देव गप्प बसला. उद्धवरावांनी पत्र पेटीत टाकलं, कुलूप लावलं आणि किल्ली करदोड्याला बांधली.

“देव नाही म्हनते तं मी काय करू?” ते घरी येऊन म्हणाले.

“देव कुठं काही म्हनला? गप्प होता नं?” बयनाबाई म्हणाल्या.

“गप्प म्हंजे नाही.”

“माह्या बापानं लग्नाचं इचारलं, तवा मी बी गप्पच होती. तवा तं तुमी त्याले हो समजले!”

उद्धवराव उठले आणि बैलाला पाणी पाजायला गेले. बैलाला त्या आठवड्यात फार पाणी मिळालं. अश्विनी मात्र रडली नाही, भांडलीही नाही. सकाळी उठून मळ्यात वांगी तोडू लागली. एवढी शिकलेली पोर एका दगडाच्या गप्प बसण्यावर अडली, याचा बयनाबाईंना भयंकर संताप आला होता.

आता बाजारात बसणाऱ्या बाईची नजर गिऱ्हाइकाच्या तोंडावर नसते, हातावर असते. कोण टमाटे दाबून पाहतो, कोण दोन मिरच्या जास्त उचलतो, हे हात सांगतात. बयनाबाईंनी तीच नजर आता मंडपाकडे वळवली. बाबांच्या डाव्या हाताला त्यांचा चेला बसे. पन्नाशीचा, गलेलठ्ठ, डोळे मिटलेला. देव हुंकारण्याआधी दर वेळी त्या चेल्याचा हात कफनीच्या खिशात जाई. पुन्हा एकदा गेला की हुंकार थांबे. देव गप्प राहायचा असला, की हात मांडीवर.

दुसरी गोष्ट त्यांना त्यांच्या वजनकाट्याने सांगितली. त्यांचा काटा आकड्यांचा होता, चार्जिंगवर चालणारा, आणि त्याची वायर बयनाबाई देवळाच्या भिंतीवरच्या प्लगमध्ये लावत. मारुती हुंकारला की काट्यावरचे आकडे नाचू लागत. अर्धा किलो वांगी कधी पाचशे वीस ग्रॅम, कधी चारशे सत्तर. गिऱ्हाईक म्हणे, “मावशी, देवाच्या दारात काटा मारून राह्यली का?” ते त्यांच्या जिव्हारी लागलं. बुधवारी देव एका नवऱ्या मुलाला हो म्हणत असताना त्यांनी प्लगमधून वायर काढली. हुंकार चालूच होता, पण आकडे शांत झाले. वायर लावली, नाचले. काढली, शांत. तीनदा करून पाहिलं. असं तीन-तीनदा करून पाहायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

‘मारुतीत जे बोलून राह्यलं, ते या वायरीतून येऊन राह्यलं,’ त्या मनात म्हणाल्या. आणि मग तिसरी गोष्ट आपोआप आठवली. ज्या दिवशी गावाबाहेरची कापसाची जिनिंग बंद, त्या दिवशी बाबा जाहीर करत की आज मारुतीचं मौन आहे.

संध्याकाळी मळ्यात त्यांनी हे सगळं लेकीला सांगितलं. अश्विनीच्या हातातली टोपली तशीच राहिली.

“माय, तो स्टॅबिलायझर कशावर बसवला हाये?”

“प्रभावळीवर. दोन मोठे बोल्ट मारले त्याले.”

अश्विनी हसली. आठवड्यात पहिल्यांदा हसली. “उद्या जिनिंगवर जाऊ. जीवनदादाले भेटाले.”

जीवन हा बयनाबाईंचा भाचा, चाळिशीचा, दोन लेकरांचा बाप, मोठ्या मिशांचा आणि त्याहून मोठ्या मनाचा. जिनिंगमध्ये तो मशीनखोली सांभाळत असे. यंदा मालकाने कापसाच्या मशीनांच्या मोटारींना नवे ड्राइव्ह बसवले होते, आणि त्यांच्या शेजारी कपाटाएवढं एक नवं यंत्र. त्या यंत्रावर एक हिरवं बटण होतं. दाबलेलं असलं की त्यात दिवा लागे.

“जीवन, खरं सांग,” बयनाबाईंनी सरळच विचारलं. “देवळातून तुले फोन येते का?”

जीवनने इकडेतिकडे पाहिलं. “आत्या, हे कोनाले सांगू नको. देवाचं काम हाये. बाबा म्हनले, हे मशीन मारुतीचं तोंड दाबून धरते. म्हनून मिस कॉल आला की हिरवं बटण बंद करायचं, देवाले जरा मोकळं करायचं. दुसरा मिस कॉल आला की चालू. मालकाले सांगतलं नाही मी. पुण्याचं काम हाये नं.”

“बरं. मंग एखाद्याले देव हो म्हनते, एखाद्याले नाही म्हनते, ते कोन ठरवते?”

“देवच ठर…” जीवन थांबला. त्याने बटणाकडे पाहिलं, मग हातातल्या फोनकडे. त्याची मिशी हळूहळू खाली आली. “म्हंजे गनपतच्या पोरीची सोयरीक… ते मी मोडली?”

“तू नाही. बाबानं मोडली. तू फक्त बटण दाबलं.”

जीवन कापसाच्या गठ्ठ्यावर मटकन बसला. चार महिने तो स्वतःला देवाचा सेवक समजत होता, आणि निघाला बाबांचा स्विच. बिचाऱ्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

“पन ताई,” तो अश्विनीला म्हणाला, “आवाज तं खरा हाये नं? तो कुठून येते?”

अश्विनीने ड्राइव्हच्या डब्यांवर हात ठेवला. “हे डब्बे मोटर पायजे तशी हळू-जोरात फिरवतात. बिल वाचते. पन या डब्ब्यायची एक खोड हाये. जुनी मोटर करंट सरळ प्यायची, जशी म्हैस हौदावर पानी पिते. हे डब्बे घोट तोडून तोडून घेतात. त्यानं तारेतली लाट वेडीवाकडी होते. मूळ लाटेवर बारक्या बारक्या लाटा चढतात, त्यायले हार्मोनिक्स म्हनतात. जिनिंग अन् देऊळ एकाच डीपीवर, म्हंजे ट्रान्सफॉर्मरवर; म्हनून तीच वाकडी लाट देवळात जाते. स्टॅबिलायझरातलं लोखंड तिच्यानं थरथरते. अन् ते लोखंड पितळेच्या एवढ्या मोठ्या पत्र्यावर कसून बसवलं हाये. मंग काय, गरजते!”

“अन् माहा काटा?”

“स्वस्तातला चार्जर हाये तुहा. त्याले बी ती लाट पचत नाही.”

बयनाबाईंनी मोठ्या यंत्राकडे बोट केलं. “अन् हे काय करते?”

“हे फिल्टर हाये. पयले चाळणीसारखे फिल्टर होते. एका मापाचा खडा अडकला तं अडकला, बाकीचे पसार. हे तसं नाही. हे ऐकते. मागच्या फेरीत लाट कुठं किती वाकली ते ध्यानात ठेवते, अन् पुढच्या फेरीत बरोबर तिथंच तेवढाच उलटा धक्का देते. सेकंदाले पन्नास फेऱ्या. वाकडं अन् उलटं मिळून सरळ होते.”

बयनाबाईंनी क्षणभर विचार केला. “समजलं. तुहे बाबा रोज जेवताना मीठ कमी हाये म्हनतात. कोनत्या घासाले म्हननार ते मले मालूम हाये. तोंड उघडाच्या आंधी मी मिठाची वाटी पुढं सरकवते. घरात शांतता.”

“अस्संच, माय!”

“म्हंजे हे मशीन घरची बाई हाये.”

“हो,” अश्विनी म्हणाली, “फक्त इले बंद करायचं बटण हाये.”

शनिवारी चारला मंडप नेहमीसारखा भरला. उद्धवराव पहिल्या रांगेत होते. बयनाबाई भाजीवर फडकं टाकून आत आल्या. पदराखाली त्यांचा फोन होता, आणि तो अश्विनीच्या फोनला आधीच जोडलेला होता. अश्विनी जिनिंगच्या मशीनखोलीत, हिरव्या बटणापुढे. जीवनचा फोन तिने काढून घेतला होता.

“बाबा, मले फेरकौल लावाचा हाये,” बयनाबाई मोठ्याने म्हणाल्या.

“माई, देवाने एकदा नकार दिला,” बाबांनी डोळे मिटले. “देव काय तुमच्या बाजारातला टमाटा आहे, पुन्हा पुन्हा दाबून बघायला?”

लोक हसले. उद्धवराव शरमेने खाली पाहू लागले. पण बयनाबाई सरपंच नागोरावांकडे वळल्या. “सरपंच, तीनदा कौल लावाचा दस्तूर हाये का नाही?”

नागोरावांनी घसा साफ केला. “हाये. निजामाच्या वक्तापासून हाये. तीनदा लावता येते.”

बाबांचा नाइलाज झाला. चेल्याचे हात मांडीवर होते. बयनाबाई मारुतीपुढे उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “मारुतीराया, माह्या वांग्याले औंदा भाव भेटंल का?”

‘हूंऽऽऽ!’

घुंगरं किणकिणली. चेल्याने दचकून डोळे उघडले आणि स्वतःच्या हाताकडे पाहिलं. हात मांडीवरच होता. बाबांनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की दुसरा असता तर तिथेच वितळला असता.

“बोलो बजरंगबली की जय!” बाबांनी सावरून घेतलं. “झालं, माई. व्हा बाजूला.”

“एकच झाला, बाबा. दुसरा लावते. मारुतीराया, तुह्या निवदाचे पेढे हे दोघंच खोलीत नेऊन खातात का?”

‘हूंऽऽऽऽऽ!’

मागच्या बायकांत खसखस पिकली. ही शंका गावात जुनी होती, फक्त देवाला विचारायची कुणाची छाती झाली नव्हती. चेला आता खिशात हात घालून अंगठ्याने फोन बडवत होता. जिनिंगमध्ये जीवनचा फोन थरथरत होता आणि अश्विनी त्याच्याकडे पाहतही नव्हती.

“हा कौल अशुद्ध आहे!” बाबा ओरडले. “बाईने देवाशी थट्टा केली आहे!”

“मंग शुद्ध लावते. तिसरा अन् आखरीचा.” बयनाबाईंनी हात जोडले. हे सगळं कुणासाठी चाललंय हे त्यांना आठवलं. “मारुतीराया, मी तुही रोजची भाजीवाली. हा बाबा खोटा असंल, तं बोल!”

मग मारुती असा गरजला की तसा पूर्वी कधी गरजला नव्हता. हुंकार थांबेचना. प्रभावळ थडथडू लागली, निरांजन सरकलं, आणि दोनशे माणसांची नजर देवावरून बाबांवर आली. एक म्हातारा काठी सावरत उठला. उद्धवरावही उठले. देवाची आज्ञा झाली होती, आणि या गावाला देवाची आज्ञा पाळायची चार महिन्यांत चांगली सवय लागली होती. ती सवय बाबांनीच लावली होती.

बाबा भिंतीला टेकले. “अरे थांबा! थांबा! हा देव नाही! हा करंट आहे करंट! जिनिंगवाल्या गाढवाने फिल्टर बंद केलाय! दगड कुठे बोलतो का, मूर्खांनो? लोखंड वाजतंय ते, स्टॅबिलायझरचं!”

हुंकार बंद झाला. बाबांचं शेवटचं वाक्य त्या शांततेत सगळ्यांना नीट ऐकू आलं. चार महिन्यांतलं त्यांचं ते पहिलंच खरं प्रवचन होतं.

जीवनचा फोन त्याला परत देऊन पाच मिनिटांत अश्विनी आली. हातात पाना आणि टेस्टर. लोकांनी वाट दिली. तिने फोनवरून सांगितलं, “जीवनदादा, बंद कर.” देव हुंकारला. “चालू कर.” देव गप्प. “आता बंदच राहू दे.” हुंकार चालू असताना तिने स्टॅबिलायझरचा प्लग काढला, तर मारुती वाक्याच्या मध्येच अडल्यासारखा थांबला. मग प्लग परत लावून तिने पान्याने दोन्ही बोल्ट काढले आणि डबा हातात धरला. आता नुसती भुंग्यासारखी गुणगुण उरली. नागोराव सरपंचांनी डबा कानाला लावला. मग म्हाताऱ्याने लावला. मग रांगच लागली. त्या दिवशी मारुतीपेक्षा लांब रांग स्टॅबिलायझरला होती, आणि दर्शन घेऊन झालेला प्रत्येक जण पुढच्याला समजावून सांगत होता, जणू हे त्याला आधीपासूनच माहीत होतं.

बाबा मंचेरियलचे मोटार वाइंडिंगवाले निघाले. जिनिंगमध्ये नवं यंत्र बसवताना इंजिनियर ते बंद-चालू करून पाहत होता, तेव्हा देवळात पंख्याच्या स्टॅबिलायझरमधलं लोखंड गुणगुणताना त्यांनी ऐकलं. त्यांना कळलं की देवाला बोलवायची युक्ती हाती आलीय. मग प्रभावळीला बोल्ट मारले आणि जीवनला फशी पाडलं. गावातली एक पोर वीज शिकलेली आहे आणि याच भागात नोकरीला लागणार आहे, हे कळल्यावर मारुती तिच्या बाबतीत गप्प का बसला, हेही मग कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

“एवढा चांगला कारागीर हायेस तू,” नागोराव त्यांना म्हणाले. “गावात सात मोटारी जळून पडल्या हायेत. त्यायचं वाइंडिंग भरलं असतं, तं लोकायनं आपखुशीनं पाया पडलं असतं तुह्या.” बाबांनी मान खाली घातली. कफनी काढल्यावर ते इतरांसारखेच दिसत होते.

बयनाबाई पायरीवर उभ्या राहिल्या. भाषण त्यांनी जन्मात केलं नव्हतं. “देवाच्या पाया पडा, मी बी पडते,” त्या म्हणाल्या. “पन वांगं घेताना उलटून पाहाता, कीड हाये का म्हनून. मंग पोरीची सोयरीक मोडताना, नोकरी सोडताना काऊन उलटून पाहात नाही? प्लग काढून पाहाले कोनाची परवानगी लागत होती?”

त्या गर्दीत गनपतही होता.

उद्धवरावांनी करदोड्याची किल्ली सोडली. पण हातात धरून ते तसेच उभे राहिले, कारण एक पंचाईत उरलीच होती. “अवं,” ते बायकोला हळूच म्हणाले, “पन आता कौल कोनाले लावू? जावं का नाही, हे ठरवंल कोन?”

“जिचा प्रश्न हाये, तिले इचारा.”

उद्धवराव लेकीकडे वळले. परीक्षेचा फॉर्म भरल्यापासून आजपर्यंत त्यांनी शेजाऱ्यांना विचारलं होतं, भावकीला विचारलं होतं, दगडाला विचारलं होतं. तिलाच विचारायचं राहून गेलं होतं, हे त्यांना आत्ता कळलं.

“अश्विनी, माय,” ते म्हणाले, “तुले जाचं हाये का?”

“हो, बाबा,” ती म्हणाली.

मंडपातल्या दोनशे माणसांना ते स्पष्ट ऐकू आलं.